हात पाहून केलेली सुरी

फोटो झकास आला होता. ऐरणीवर आडवी ठेवलेली सुरी, पात्यावर सकाळचं कोवळं ऊन, आणि मुठीच्या तिवसाच्या लाकडातल्या रेघा अशा उमटलेल्या, की जणू वाऱ्यानं पाण्यावर काढाव्यात. संजीवनीनं तो दोन बोटांनी मोठा करून सासऱ्यांच्या डोळ्यांपुढं धरला आणि खाली काय लिहिलं होतं तेही वाचून दाखवलं.

"'हातानं घडवलेली कलमाची सुरी विकणे आहे. पातं न मिटणारं, एकसंध, जुन्या कानशीच्या पोलादाचं. मूठ तिवसाची, म्यान चामड्याचं. कारागीर उकंडराव, रोहिणखेड फाटा.' खाली किंमत अन् आपला नंबर. टाकू का ग्रुपवर, मामाजी?"

उकंडराव भट्टीशेजारच्या बाजेवर बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"एक ओळ राह्यली."

"कोनती?"

"लिही. ही सुरी एका गिऱ्हाइकासाठी केली होती, त्याच्या हाताले लागू पडली नाही. चूक कारागिराची हाय. उजव्या हातानं काम करनाऱ्यानंच घ्यावी."

संजीवनीचं बोट फोनवर तसंच थांबलं. आत सासूबाई, अन्नपूर्णाबाई, भाकर थापत होत्या. त्यांचा थापण्याचा आवाज बंद पडला आणि त्या पिठाच्या हातानंच दारात आल्या.

"आता बाप्पा! आपल्याच हातानं आपल्या दुकानाले कुलूप लावता काय? उजव्या हाताची हाय एवढं लिवा ना. चूक कोनाची, हे कोनं इचारलं तुमाले?"

म्हातारीचं म्हणणं काही वावगं नव्हतं. कारण दुकानावर पाटी होती. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'हात पाहून सुरी करून मिळेल.' आणि उकंडरावांचं सगळं नाव त्या पाटीवर उभं होतं.

तसे लोहार सगळीकडंच आहेत. विळे, कुऱ्हाडी, खुरपी कोणीही करून देतो. पण उकंडराव सुरी करायचे ती माणसाचा हात पाहून. गिऱ्हाइकाला ते काही विचारत नसत. तो चहाचा कप कसा धरतो, पिशवीची गाठ कशी सोडतो, पोराच्या डोक्यावरून हात कसा फिरवतो, एवढं बघून घेत आणि म्हणत, "जाय आता, आठ दिसानं ये." एका म्हातारीच्या आंगठ्यात वात होता. तिनं तो सांगितलाही नव्हता. उकंडरावांनी तिला मूठ अशी वळवून दिली, की आंगठ्याला काही करावंच लागू नये. ती बाई भाजी चिरताना त्यांना दुवा देते म्हणे. अलीकडं दोन वर्षांपासून संजीवनी फोनवरून ऑर्डरी घ्यायची. लांबच्या गिऱ्हाइकाला ती सांगायची, काम करतानाचा हाताचा व्हिडिओ पाठवा. लोक पाठवायचे. कोणी कांदा चिरतोय, कोणी दाढी करतोय. उकंडराव ते पाहत आणि हसत, "हा गडी बायकोले भिते, पाहा कसा हळू चिरते!"

असं सगळं बरं चाललं होतं. आणि ही एक ओळ जाहिरातीत गेली, की त्या पाटीला काय अर्थ राहणार होता?

"मामाजी," संजीवनी हळूच म्हणाली, "हातात चार ऑर्डरी हायेत. लोक हे वाचतीन अन् म्हनतीन, याले हातच पाह्यता येत नाही."

"नाहीच आला ना पाह्यता," उकंडराव म्हणाले. "तेच तं लिही म्हणतो."

आता हे असं का, ते सांगायला हवं.

उकंडराव म्हणजे कीर्तनवेडा माणूस. आसपास कुठं सप्ताह बसला, की संध्याकाळी भट्टी विझवायची, हातपाय धुवायचे, कपाळी बुक्का लावायचा आणि निघायचं. बसायची जागाही ठरलेली. मृदंगाच्या समोर, तीन हातांवर. लोक कीर्तनकाराच्या मुखाकडं पाहत, हे मृदंगवाल्याच्या बोटांकडं. कान निरूपणात आणि डोळे बोटांत. त्यात त्यांना काही दोष वाटत नसे. देवानं कान वेगळे दिले, डोळे वेगळे दिले, दोघांनाही आपापला प्रसाद मिळू द्यावा, असं त्यांचं म्हणणं.

कार्तिकातल्या सप्ताहात शेखरनं सात दिवस मृदंग वाजवला. शेजारच्या गावचा हा तिशीतला पोरगा, भाऊरावांच्या नर्सरीत सीताफळाची, संत्र्याची कलमं करायचा. हात काय, लोणी! मृदंगाच्या शाई लावलेल्या तोंडावर उजव्या हाताची बोटं अशी पडायची, की बुवांचा शब्द संपायच्या आत त्याचा अर्थ मृदंगातून यावा. काल्याच्या दिवशी पंगत उठल्यावर तो उकंडरावांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकाजी, मले कलमाची सुरी पायजे. मिटणारा चाकू नोको. त्याचा खिळा ढिला होते अन् पातं डुलते. एकसंध पायजे. अन् काकाजी, माह्या हात..."

"तू नोको सांगू!" उकंडरावांनी त्याला तिथंच थांबवलं. भोवती आठ-दहा माणसं उभी होती. त्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "तुह्या हात मी सात दिस पाह्यला. तुही आई नाही सांगनार एवढं मी सांगीन."

माणसं कौतुकानं हसली. शेखरही हसला आणि त्यानं तोंड मिटलं.

कलमाची सुरी ही साध्या सुरीसारखी नसते. तिला धार एकाच अंगानं काढतात. दुसरं अंग अगदी सपाट, आरशासारखं. ते सपाट अंग काडीला लागून चालतं, म्हणून काप सरळ येतो. झाडाची काडी आणि खालचा खुंट यांचे काप एकमेकांवर बिनफटीचे बसले, की कलम धरतं. आता उजव्या हातानं कापणाऱ्याला जे अंग सपाट लागतं, त्याच्या उलटं डाव्या हाताला. गफलत झाली, की पातं काडीत शिरतं, काप पोटातून खोल जातो, मधे वारा राहतो आणि कलम सुकतं.

उकंडरावांनी या सुरीसाठी पेटीच्या तळातून वडिलांची झिजलेली कानस काढली. चाळीस वर्षं ती त्यांनी कोणत्याच कामाला लावली नव्हती. तिचं अर्धं पोलाद या सुरीत गेलं. पौषात सुरी तयार झाली. शेखर न्यायला आला, तेव्हा त्यांनी ती रीतीप्रमाणं ऐरणीवर ठेवली. लोखंड हातातून हातात दिलं की भांडण लागतं, असं वडील म्हणत. म्हणून त्या दुकानात सुरी कधी हातातून हातात जात नाही. लोहारानं ऐरणीवर ठेवायची, घेणाऱ्यानं तिथून उचलायची. शेखरनं उजवा हात पुढं केला, सुरी उचलली, कपाळाला लावली आणि गेला.

माघ लागला. एक दिवस धम्मशीला खुरपी पाजवायला आली. ही भाऊरावांच्या नर्सरीत कलमाला पट्टी बांधायचं काम करी. पुढं कोणी कापून देणार, मागं ही बांधणार. सहा वर्षं झाली तिला. खुरप्याला धार लागेपर्यंत ती उंबऱ्यावर बसली आणि बोलता बोलता म्हणाली, "शेखरभाऊचं काही खरं नाही काकाजी. औंदा त्याचे कलमं धरूनच नाही राह्यले. दोन वाफे सुकले. काल भाऊराव सगळ्याईसमोर बोलले, अजून एक वाफा गेला तं मी बाहेरून मानसं आनतो."

उकंडरावांचा पाय सहाणेच्या चाकावर थांबला.

"कापते कशानं थो?"

"तुमच्याच सुरीनं. म्या म्हनलं, भाऊ, जुना चाकूच घे ना. तं म्हनते, काकाजीनं हात पाहून केली, सुरी कशी चुकीन? माह्या हातच चुकून राह्यला."

त्या दिवशी उकंडरावांनी भाकर अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळीपिवळी जीपमध्ये बसून नर्सरीवर गेले. हिरव्या जाळीखाली रोपांच्या पिशव्यांच्या रांगा लागलेल्या. शेखर पोत्यावर मांडी घालून बसला होता, पाठ यांच्याकडं. उकंडरावांनी हाक मारली नाही. तीन हातांवर उभे राहिले, कीर्तनात बसतात तसे, आणि त्याच्या खांद्यावरून पाहू लागले.

शेखरनं उजव्या हातात काडी धरली. डाव्या हातानं सुरी ओढली.

उकंडराव एक पाऊल पुढं सरकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "शेखर, हा कोनता हात बे?"

शेखर दचकून वळला. त्याच्या लक्षात आलं, आता लपवण्यात अर्थ नाही.

"डावा, काकाजी."

"कवापासून?"

"जलमापासून."

"मंग मृदंग?"

"महादेवरावनं शिकवला ना. त्याईनं म्हनलं, उलटा बसशीन तं टाळकऱ्यायकडं पाठ होईन, मी नाही शिकवत. मंग उजवाच शिकलो. जेवाले आईनं उजवा लावला. प्रसाद उजव्या हातानं, गंध उजव्या हातानं." शेखर खाली पाहत म्हणाला, "देवाच्या दारात मी उजवा, काकाजी. बाकी दुनियेत डावा."

आता उकंडरावांना सगळं उलगडलं. त्यांनी शेखरला पाहिला होता तो कुठं? मृदंगावर आणि पंगतीत. दोन्ही देवाच्या दारातच. ऐरणीवरची सुरीही त्यानं प्रसादासारखी उजव्या हातानंच उचलली होती.

"अन् तोंड काऊन बंद ठेवलं तू?"

"सांगत होतो. तुम्ही म्हनलं, नोको सांगू."

"पन मंग? दोन वाफे सुकले तरी?"

शेखरनं सुरी मांडीवर फिरवली. "एवढी चार मानसात तुम्ही गोष्ट सांगतली. मले वाटलं, सुरी बरोबर असीन, मलेच शिका लागते."

उकंडराव पोत्याच्या कडेला बसले. त्यांनी त्याच्यापुढचं एक बांधलेलं कलम उचललं, पट्टी सोडली आणि जोड उन्हाकडं धरला. काडी आणि खुंटाच्या मधून उन्हाची बारीक रेघ आरपार दिसत होती. केसाएवढी. तेवढ्यातून कलमाचा जीव गेला होता.

तेवढ्यात भाऊराव आले. "काय हो उकंडराव, आज इकडं कसे? तुमचा गडी पाहा, माह्ये कलमं मारून राह्यला."

"त्याच्या हातानं नाही मेले, भाऊराव. माह्या सुरीनं मेले."

"आँ? तुम्ही तं म्हणे हात पाहून सुरी करता!"

"पाह्यला. अर्धाच पाह्यला." उकंडराव उठले. "दोन दिस द्या मले. तिसऱ्या दिशी याच्या हातात दुसरी सुरी असीन. मंग कलम नाही धरलं, तं त्याले काय, मलेही बोला."

भाऊराव माणूस तोंडाचा तिखट, पण हंगाम त्यांनाही साधायचा होता. "दोन म्हनजे दोनच," असं म्हणून ते पाण्याची मोटर पाहायला निघून गेले.

शेखरला उकंडरावांनी सोबतच आणलं. कानशीचा उरलेला अर्धा तुकडा भट्टीत घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला विचारायला सुरुवात केली. आंगठा कुठं टेकते? बोट कुठं दुखते? ओढतो का ढकलतो? शेखर बिचारा आधी लाजला, मग मोकळा झाला आणि मग इतका बोलायला लागला, की अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "अगा, हा पोरगा तं बोलते! मी समजत होती, मृदंगच बोलते याचा."

दुसरी सुरी झाली. शेखरनं ती ऐरणीवरून डाव्या हातानं उचलली आणि जीभ चावली. उकंडराव म्हणाले, "उचल, उचल. इथं लाज धरू नोको." पंधरवड्यात नर्सरीतून निरोप आला, की नव्या वाफ्यातल्या काड्यांना हिरवे ठिपके दिसू लागलेत. शेखरचं काम वाचलं.

राहिली ही पहिली सुरी. पलटून तिला दुसऱ्या अंगानं धार काढायची म्हटलं, तर घासण्यात पातं अर्धं संपलं असतं. वडिलांच्या कानशीचं पोलाद असं सहाणेवर उडवून द्यायला उकंडरावांचा जीव होईना. सुरी चांगलीच होती. फक्त हात दुसरा हवा होता.

आणि म्हणून ती सकाळ, ती जाहिरात आणि ती एक ओळ.

"अवं, आयका ना जरा," अन्नपूर्णाबाई पुन्हा म्हणाल्या, "उजव्या हातासाठी, एवढं लिवलं तं खोटं होते काय ते?"

उकंडराव तिच्याकडं वळले. ते म्हणाले, "परवा पुष्पांजलीताईचं कीर्तन झालं, तू होती ना?"

"होती तं."

"त्याईनं त्या कुंभाराची गोष्ट सांगतली. त्याच्या एका मडक्याले चीर पडली. बायको म्हने, चीर खाली करून ठेवा, कोनाले दिसनार नाही. कुंभारानं चीर वर करून ठेवलं. बाजारात एक बाई आली, चीर पाह्यली, म्हनली, मले दानेच ठेवाचे हायेत, दे. त्या बाईच्या घरी ते मडकं बारा वर्षं राह्यलं. चीर खाली करून इकलं असतं, तं कोनी त्यात पानी भरलं असतं, अन् दुसऱ्या दिशी सगळं घर ओलं."

"ते कुंभाराचं झालं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "त्याच्या दुकानावर पाटी नव्हती."

 उकंडराव हसले आणि संजीवनीला म्हणाले, "टाक पोरी. ओळ जशी सांगतली तशी."

संजीवनीनं टाकली.

मग व्हायचं तेच झालं. तासाभरात ग्रुपवर हसरे चेहरे पडायला लागले. कोणी लिहिलं, 'डॉक्टरसायबाचं ऑपरेशन चुकलं.' बुलढाण्याच्या एका मास्तरांनी बायकोसाठी सुरी सांगितली होती. त्यांचा फोन आला, सध्या घाई नाही, राहू द्या. संजीवनीनं वहीतलं एक नाव खोडलं. संध्याकाळी उकंडराव मंदिरात गेले, तर विणेकऱ्यानं वीणा खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "या काकाजी! मी कोनत्या हातानं दाढी खाजवतो, सांगा बरं?"

"तू खाजवतच नाही," उकंडराव म्हणाले, "तुही बायको खाजवते."

सगळे हसले, उकंडरावही हसले. पण घरी परतताना पाटीखालून जायला त्यांना जरा जडच गेलं. चाळीस वर्षांत त्या पाटीकडं त्यांनी असं चोरून कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून एकाचा फोन आला. माणूस बोलायला गोड. सुरी फार सुंदर आहे, म्हणाला, बंगल्यातल्या भिंतीवर लावायची आहे, सांगाल ती किंमत देतो. संजीवनीनं फोनवर हात ठेवून सासऱ्यांकडं पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी तर आतून मान हलवून होकारच दिला.

"त्याले इचार," उकंडराव म्हणाले, "थो उजवा का डावा?"

"भिंतीवर लावाची हाय म्हनते, मामाजी. कापाचंच नाही त्याले."

"भिंतीले कोनता हात असते? नाही म्हन. कापाले केली, तं कापनाऱ्याच्याच घरी जाईन."

"झालं!" आतून आवाज आला. "आता ठेवा देव्हाऱ्यात अन् रोज फूल वाहा तिले."

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी धम्मशीला आली. आज हातात खुरपी नव्हती. स्कूटी पाटीखाली लावून ती थेट ऐरणीपाशी आली.

"जय भीम, काकाजी."

"जय भीम, पोरी. काय आनलं पाजवाले?"

"काही नाही. ते सुरी गेली का, फोटोतली?"

उकंडरावांनी चष्मा खाली घेतला. "कोनासाठी पायजे?"

"माह्यासाठीच." तिनं पदर कमरेला खोचला. "शेखरभाऊचे दोन वाफे मांगं राह्यले ना. भाऊरावले म्या म्हनलं, एक वाफा मले कापू द्या. सहा वर्षं मी दुसऱ्यानं कापलेलं बांधून राह्यली. काप कसा असते, ते माह्या बोटायले डोळे झाकून कळते. थो म्हने, सुरी हाय का तुह्यापाशी? म्हनलं, उद्या आनतो."

"जाहिरात वाचली का पुरी?"

"वाचली म्हनून तं आली. मी लय जाहिराती वाचतो काकाजी, सगळ्याईचं सगळंच उत्तम असते. तुमच्या जाहिरातीत लिवलं, कोनाले लागू पडली नाही. म्हनलं, चला, हा मानूस मले तरी नीट सांगीन."

आत अन्नपूर्णाबाईंनी चहाचं आधण चढवलं.

उकंडराव तिच्या हातांकडं पाहू लागले. सहा वर्षं ही पोरगी या उंबऱ्यावर बसून खुरपी पाजवून नेते. गावातल्या टाळकऱ्यांची, विणेकऱ्यांची, पंगतीत वाढणाऱ्यांची बोटं त्यांना पाठ होती. हिची एकही ओळखीची वाटेना.

"पोरी, तुह्या हात म्या कधी पाह्यलाच नाही गं."

"कुठं पाह्यसान?" धम्मशीला हसली. "मी कीर्तनाले येत नाही, तुम्ही आमच्या जयंतीले येत नाही."

"खुरपी पाह्यल्या फक्त."

"मंग आता पाहा की."

"पाह्यतो," उकंडराव म्हणाले, "पन आधी इचारतो. कोनता हात?"

"उजवा."

"सगळ्या कामाले? जेवाले, झाडाले, लिवाले, पोराले माराले?"

"पोराले मारत नाही मी. बाकी सगळं उजवाच."

तरी त्यांचं समाधान झालं नाही. परसात सीताफळाचं झाड होतं. त्याच्या दोन काड्या त्यांनी आणल्या आणि एक तिच्यासमोर ठेवली. सुरी तर होतीच. धम्मशीलानं काडी घेतली, सुरी लावली आणि एका ओढीत उतरता काप घेतला. काप सरळ चालला. पण शेवटाला पातं किंचित वर उचललं गेलं. उकंडरावांनी ते पाहिलं आणि या वेळी निष्कर्ष काढायची घाई केली नाही.

"शेवटाले काय झालं?"

तिनं मूठ वळवून पाहिली. "जाड लागते. आंगठा पुढं पोचत नाही माह्या."

बरोबरच होतं. मूठ शेखरच्या रुंद तळव्यासाठी घडवलेली. उकंडरावांनी सुरी पात्याकडून फडक्यात गुंडाळून शेगड्याच्या जबड्यात आवळली आणि मुठीवर कानस चालवू लागले. तिवसाचा बारीक भुगा त्यांच्या धोतरावर पडत होता. थोडं घासलं, की ते विचारत, "आता?" ती धरून पाहून म्हणे, "अजून जरासं." पुन्हा घासलं, पुन्हा विचारलं. तीनदा, चारदा. संजीवनी फोन बाजूला ठेवून कौतुकानं पाहत होती.

"आता जलमभर इचारतच बसा," आतून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि चहा घेऊन आल्या. चौघांचा.

मुठीवर तेल फिरवून उकंडरावांनी सुरी पुसली, म्यानात घातली आणि ऐरणीवर ठेवली. मग दोन पावलं मागं सरून उभे राहिले. त्या दुकानाची रीत ती.

धम्मशीला पुढं आली आणि तिनं डाव्या हातानं सुरी उचलली.

उकंडराव एकदम पुढं झाले. "थांब थांब थांब! पोरी, हा कोनता हात?"

"अवं काकाजी!" तिनं दुसरा हात वर केला. "उजव्या हातात फोन हाय ना! तुमचे पैसे पाठवून राह्यली मी."

संजीवनीला हसू आवरेना. अन्नपूर्णाबाईंनी तर पदर तोंडाला लावला आणि चहाची बशी खाली ठेवून भिंतीला टेकल्या. उकंडराव कपाळावरचा घाम पुसत बाजेवर बसले आणि मग तेही हसायला लागले. मृदंगाच्या चालीवर टाळ्या पडाव्यात तसं ते मांडीवर थाप मारून हसले.

हसणं ओसरल्यावर धम्मशीलानं फोन खोचला, सुरी उजव्या हातात घेतली आणि न सांगता दुसरी काडी उचलली. एक ओढ. मग पहिल्या काडीचा चुकलेला काप काढून टाकून तिलाही नवा काप दिला. दोन्ही काप एकमेकांवर बसवून तिनं ती जोडी उकंडरावांच्या हातात दिली.

त्यांनी ती दारातल्या उन्हाकडं धरली. एक डोळा मिटला. फिरवून दुसऱ्या अंगानं पाहिली. मग संजीवनीकडं दिली, तिनंही पाहिली. मधून उन्हाचा एक धागासुद्धा येत नव्हता.

स्कूटी फाट्यावरून वळून दिसेनाशी झाल्यावर संजीवनीनं फोन उघडला.

"मामाजी, विकली म्हनून लिहू?"

"लिही."

"अन् ते चुकीची ओळ काढून टाकू आता?"

उकंडराव भट्टीत कोळसा सारत होते. त्यांनी भाता सुरू केला, निखाऱ्यावरची राख उडाली आणि आतला तांबडा रंग वर आला.

"राहू दे," ते म्हणाले. "अन् त्या मास्तरले फोन लाव. म्हणा, सुरी केव्हा पायजे ते नोको सांगू, बाई कोनत्या हातानं चिरते तेवढं इचारून सांग."